ॲलर्जी वेगळी, न सोसणं वेगळं: वजन उतरवताना काय कमी करायचं आणि काय बंद

वजन कमी करायला घेतलं की आठवड्याभरात घरोघरी हेच ऐकू येतं: ‘मले दुधाची ॲलर्जी हाय, गव्हाचीबी हाय.’ नीट विचारलं तर कळतं की दूध प्यायल्यावर पोट गुडगुडतं आणि पोळी खाल्ली की जड वाटतं. याला ॲलर्जी म्हणत नाहीत. हा शब्द असा कशालाही लावल्यामुळे ज्याला खरी ॲलर्जी आहे त्याचं म्हणणंही पंगतीत कोणी मनावर घेत नाही.

वजनाचं गणित बहुतेकांना ठाऊक आहे. शरीर खर्च करतं त्यापेक्षा रोज ४००-५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर वजन हळूहळू उतरतं. हे गणित प्रमाणाचं आहे आणि ‘न सोसणं’ही प्रमाणाचंच आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर आतड्यात कमी पडलं की गॅस, मुरडा, जुलाब होतात. त्रास होतो, पण जीव जात नाही. अशा बहुतेकांना एका वेळी कपभर दूध जेवणासोबत चालून जातं. दह्यात लॅक्टोज त्याहून कमी आणि पनीरमध्ये फारच थोडं असतं. म्हणून ताक-भाकर सोडायचं काही कारण नाही.

ॲलर्जीला प्रमाणाचं गणित लागू पडत नाही. तिथं पचनाचा प्रश्नच नसतो. शरीराची संरक्षणव्यवस्था दुधातल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि मग एक चमचाही पुरतो. काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते, घसा आवळतो. अशा माणसाला दही, ताक, पनीर काहीच चालत नाही, आणि घरच्या तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो. लॅक्टोज काढलेल्या दुधात प्रथिन तसंच असतं. ‘म्हशीचं चालत नाही तर शेळीचं घ्या’ हा सल्ला तर बंदच व्हायला हवा. गाय, म्हैस आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की एकाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना बाकीचीही बाधतात. वजन उतरवायला म्हणून विकले जाणारे व्हे प्रोटीनचे डबे हे दुधाचंच प्रथिन आहे, हेही लक्षात ठेवा.

घोटाळा नेमका इथं होतो. डाएटवाल्याची सवय ‘आज थोडंसं चालेल’ म्हणायची असते. वजनाला ते चालतं, न सोसण्यालाही चालतं, ॲलर्जीला चालत नाही. लग्नाच्या पंगतीत ‘घ्या न जी, जराशानं काय होते’ असा आग्रह झाला की ॲलर्जीवाल्यानं ताट झाकावं. थोडं थोडं खाऊन सवय लावण्याचा प्रयोग घरी कधीही करू नये.

भुईमुगाची ॲलर्जी असेल तर आपल्याकडे सर्वांत अवघड जातं, कारण शेंगदाण्याचं कूट दिसत नाही. वांग्याच्या भाजीत, साबुदाण्याच्या उसळीत, चटणीत, रश्शात ते असतंच. ‘शेंगदाणे आहेत का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतील. ‘कूट घातलं का?’ असं विचारा. तेलाचंही बघा. रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं. त्याच घाण्यावर आधी भुईमूग निघाला असेल तर मागून काढलेलं जवसाचं तेलही भरवशाचं नाही.

चक्कीचंही तसंच. गव्हात सोयाबीन मिसळून दळायची पद्धत गावोगावी आहे. त्यामागून तुमची ज्वारी पडली तर भाकरीत गहूही आला आणि सोयाबीनही. पोट फुगणाऱ्याला त्यानं फरक पडत नाही. गव्हाची किंवा सोयाबीनची ॲलर्जी असणाऱ्यानं मात्र घरच्या लहान चक्कीवर किंवा मिक्सरमध्ये दळावं. पाकिटावर गहू, दूध, अंडं, मासे, भुईमूग, सोयाबीन असे घटक छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. सुट्या मालाला तो आधार नाही.

गहू सोडला म्हणून वजन उतरत नाही. गहू काय नि ज्वारी काय, १०० ग्रॅम पिठात साधारण ३२० ते ३५० कॅलरी असतात. सेलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर खराब होणं, हा तिसराच आजार आहे. त्याची शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर अहवाल खोटा निर्दोष येतो.

बंद केलेल्याच्या जागी काय खायचं, हे आधी ठरवा. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी आणि साडेसात ग्रॅम प्रथिन असतं. तेवढंच प्रथिन ३५ ग्रॅम कच्च्या तूरडाळीत १२० कॅलरींत मिळतं. भुईमूग बाधतो म्हणून भीतीनं सगळ्या डाळी सोडू नका, पण हरभरा-वाटाण्यानं काही होतं का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. ‘अंड्याचा फक्त पांढरा भाग खा’ हा डाएटचा लाडका सल्ला अंड्याची ॲलर्जी असणाऱ्याला सर्वांत घातक आहे, कारण बाधणारी प्रथिनं मुख्यतः पांढऱ्यातच असतात.

एक प्रकार फार थोड्यांना माहीत असतो. काहींना पोळी एरवी बाधत नाही, पण पोळी खाऊन लगेच धावलं किंवा कष्टाचं काम केलं की रिॲक्शन येते. व्यायाम नव्यानं सुरू केल्यावर असं झालं तर पोळी आणि व्यायाम यांत किमान चार तास ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

‘२०० पदार्थांची ॲलर्जी तपासा’ म्हणणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांच्या) तपासणीवर पैसे घालवू नका. ती ॲलर्जी दाखवतच नाही. त्वचेवर हलकं टोचून करायची प्रिक टेस्ट आणि रक्तातल्या आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची तपासणी या खऱ्या तपासण्या. त्यांचाही अर्थ खाल्ल्यावर काय झालं, त्याच्याशी जोडूनच लावायचा असतो.

आणि ‘पित्त उठलं’ म्हणून आमसूल चोळत बसू नका. खाल्ल्यावर गांधींसोबत धाप, वारंवार उलटी किंवा चक्कर आली तर सेट्रिझिनवर, म्हणजे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळीवर, थांबायचं नाही. तिथं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करा, धाप असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण झटका परत येऊ शकतो.