हातचलाखी की नजरबंदी?

हातचलाखी म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो वेग. जादूगाराचे हात एवढे फास्ट चालतात की डोळ्याला ते पकडताच येत नाहीत, असंच आपण धरून चालतो. शब्दही तेच सांगतात. चलाख हा फारसीतल्या चालाकवरून आला, म्हणजे चपळ. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला लेजरडेमेन म्हणजे हलक्या हाताचा खेळ, आणि 19व्या शतकात फ्रान्समध्ये तयार झालेला प्रेस्टिडिजिटेशन तर सरळसरळ 'झटपट बोटं'.

पण या शेवटच्या शब्दाच्या मागे एक जुना शब्द उभा आहे आणि मला तोच जास्त भारी वाटतो. रोमन लोक हे खेळ करणाऱ्याला प्रेस्टिजिएटर म्हणायचे, त्याचं मूळ ज्या लॅटिन क्रियापदात आहे त्याचा अर्थ घट्ट बांधणं, आणि डोळ्यांबद्दल वापरलं तर दिपवून टाकणं. म्हणजे आपली नजरबंदीच की! (प्रेस्टिज पण याच मुळातला, आधी त्याचा अर्थ भ्रम, फसवणूक असा होता, मानमरातब नंतर चिकटला.)

विज्ञानाने कौल दिलाय तो नजरबंदीच्या बाजूने. पुढे बुद्धिमापन चाचणीमुळे गाजलेल्या आल्फ्रेड बिने यांनी 1894 च्या सुमारास जादूगारांच्या हालचालींचे ओळीने फोटो काढून घेतले, आणि फोटोत बघितलं तर भ्रम गायब, हात काय करतोय ते स्पष्ट दिसतंय.

मग समोर बसून का दिसत नाही? यावर गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांचा 2006 मधला प्रयोग बघा. जादूगार चेंडू वर फेकतो, झेलतो, परत फेकतो, झेलतो, आणि तिसऱ्या वेळी हात तसाच वर नेतो पण चेंडू तळहातातच दाबून ठेवतो, नजर मात्र वर, चेंडू चाललाय तशी. बघणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की चेंडू वर जाताना दिसला आणि हवेतच नाहीसा झाला. फेकलाच नव्हता! तोच खेळ जादूगाराने स्वतःच्या हाताकडे बघत केला तर फसणारे जेमतेम एक तृतीयांश.

अजून गंमत म्हणजे कॅमेऱ्याने या लोकांचे डोळे कुठे जातात ते टिपलं होतं. ज्यांना चेंडू वर 'दिसला' त्यांचेही डोळे बहुतेक वेळा तिथपर्यंत गेलेच नव्हते, फेकण्याआधी ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याची नजर वर गेली, आणि पुढचं मेंदूने स्वतःच भरून टाकलं. मेंदूला ही सवय असतेच, कारण डोळ्याकडून सिग्नल येऊन त्याचा अर्थ लागेपर्यंत सेकंदाचा काही भाग निघून जातो, म्हणून हलणारी वस्तू आता कुठे असेल याचा अंदाज तो आधीच बांधत असतो.

हाताचं कसब यात नाही असं अजिबात नाही, चेंडू दाबून धरलेला हात रिकाम्या हातासारखाच सैल दिसायला हवा आणि त्याला खूप रियाज लागतो. पण नुसत्या स्पीडने काम बिघडतं, अचानक झटका दिलेली हालचाल उलट लगेच नजरेत भरते. आणि हात कोणत्या वाटेने न्यायचा हेही महत्त्वाचं. सरळ रेषेत नेला की डोळे उडी मारून टोकाला पोचतात आणि परत मूळ जागी यायला मोकळे, पण कमानीसारखा वळवत नेला की ते हाताच्या मागे मागे जात राहतात, तेवढ्यात दुसरा हात आपलं काम उरकतो.