कण्हेर

कण्हेर हे बारमाही हिरवे, फुलांसाठी लावले जाणारे मोठे झुडूप आहे. शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर, कुल अपोसायनेसी. हे नाव कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. नेरियम प्रजातीत ही एकच जाती आहे. संस्कृतात तिला करवीर म्हणतात, आणि तिच्या विषामुळे अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी, असेही. भूमध्य समुद्राच्या काठापासून दक्षिण आशियापर्यंत ती मूळची आहे. पिवळी कण्हेर किंवा बिट्टी ही मात्र वेगळी, अमेरिकेतून आलेली वनस्पती, तीही विषारीच.

रानात कण्हेर उगवते ती आटलेल्या नदीनाल्यांच्या पात्रात. वर नुसते दगडगोटे तापत असतात, पण खाली ओल असते. कण्हेरीला पाणी नको असते हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ती खोलवरचे पाणी गाठते आणि मिळालेले जपून वापरते. पाने भाल्यासारखी, चिवट, बहुधा तीन-तीनच्या वलयात येतात. एखादे पान उलटे करून भिंगातून पाहावे : ठळक मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना दाट समांतर शिरा आणि त्यांच्या मधे बारीक ठिपके दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे ठिपके म्हणजे खळगे असल्याचे कळते. पर्णरंध्रे या खळग्यांच्या आत दडलेली असतात आणि खळग्यात केसांची दाटी असते. कोरडा वारा रंध्रांपर्यंत थेट पोहोचत नाही, आत दमट हवा कोंडून राहते आणि बाष्प कमी उडते. वरच्या बाजूला एकही रंध्र नसते.

फुले फांद्यांच्या टोकाला गुच्छाने येतात. पांढरी, गुलाबी, तांबडी, पिवळसर, एकेरी किंवा दुहेरी. फुलात मध नसतो. रंगाने फसून आलेल्या कीटकांवरच परागण अवलंबून असल्याने शेंगा कमी धरतात. जपानमधील हिरोशिमा शहराचे हे अधिकृत फूल आहे. १९४५ च्या अणुबॉम्बनंतर तिथे लवकर बहरलेल्या झाडांत कण्हेर होती.

लागवड सोपी आहे. पेन्सिलीएवढ्या जाड, अर्धवट पक्व फांदीचे १५ सेंमी लांबीचे छाट घ्यावेत, खालची पाने काढून ओलसर वाळूत खोचावेत. काही आठवड्यांत मुळे फुटतात. नुसत्या पाण्यातही ती फुटतात. भरपूर ऊन हवे, सावलीत झाड उंच, विरळ वाढते आणि फुले रोडावतात. हलकी, खडकाळ, थोडी खारी जमीनही चालते.

खरी चूक होते ती पाण्यात. ‘दुष्काळ सोसणारे झाड’ ऐकून कोवळ्या रोपाकडे दुर्लक्ष केले जाते आणि ते वाळते. पहिली एक-दोन वर्षे आळे भरून, ओल खोल जाईल असे पाणी द्यावे आणि माती वरून सुकेपर्यंत पुन्हा देऊ नये. रोज शिंपडलेल्या थोड्या पाण्याने मुळे वरच राहतात, आणि अशी कण्हेर पुढे कोरड्या दिवसांत टिकत नाही. जमिनीत रुळलेले झाड बराच काळ पाण्यावाचून तग धरते. कुंडीतल्या झाडाला मात्र खोली मिळत नाही, त्याला नियमित पाणी लागतेच.

नव्या वाढीच्या टोकांना फुले येत असल्याने मोठा बहर ओसरल्यावर छाटणी करावी. जुनी खोडे बुडापासून काढली तरी झाड नव्याने फुटते. छाटताना हातमोजे घालावेत. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे; त्यातील ओलिअँड्रिन हृदयाच्या ठोक्यांवर घात करते. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, धूरही अपायकारक असतो. काटक्या खाण्याच्या पदार्थात खोचू नयेत, आणि पाला गुरांच्या वाटेत टाकू नये. ताजी कडू पाने जनावरे सहसा टाळतात, पण वाळलेली चाऱ्यात मिसळली की खातात, आणि विष वाळल्यावरही कायम राहते. लहान मुले खेळतात तिथे हे झाड लावू नये. पान किंवा फूल पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हेच विष काही कीटकांना मानवते. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा बसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो बराचसा धुऊन जातो. पाने कुरतडणारी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती मारण्याआधी थांबावे. ती कॉमन क्रो या फुलपाखराची असू शकते. विषारी पाने ती खुशाल खाते, आणि पुढे पानाखाली तिचा कोश टांगलेला दिसतो, आरशासारखा रुपेरी.