थोपटू नका, नुसता हात ठेवा

ठाण्यात कळव्याच्या किंवा नवी मुंबईत वाशीच्या एखाद्या रुग्णालयात, नवजात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेली आजी "बाळाला काचेत ठेवलंय" एवढेच सांगते. आत जाण्याची पाळी आली की तिचा हात आपसूक थोपटायला उठतो आणि परिचारिका तो थांबवते. हे तुटकपणाचे वाटले, तरी त्यामागे शरीरशास्त्र आहे.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूपर्यंत स्पर्शाचे आणि वेदनेचे संदेश पोहोचतात, पण ते सौम्य करणारी मज्जातंतूंची यंत्रणा अजून तयार झालेली नसते. त्यामुळे थोपटणे, बोलणे आणि दिव्याचा उजेड हे सारे एकदम आले की बाळ बोटे फाकवते, पाठ ताणते, उचक्या देते; कधी त्याच्या रक्तातील प्राणवायूही घटतो. त्याला मानवतो तो स्थिर हात. एक उबदार तळवा डोक्यावर ठेवावा, दुसऱ्याने दुमडलेले पाय पोटाशी धरावेत, म्हणजे गर्भातल्यासारखी घट्ट बैठक मिळते. टाचेतून रक्त घेताना परिचारिका हेच करतात. रक्त घेण्याच्या साधारण दोन मिनिटे आधी जिभेवर साखरपाण्याचे मोजके थेंब दिले, तर वेदना कमी होते. मात्र हे रुग्णालयानेच करायचे, आणि घरी मध चाटवण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

अशा बाळांना वेदना होतच नाहीत, या समजुतीपोटी एके काळी त्यांच्यावर पुरेशी भूल न देताच शस्त्रक्रिया होत. भारतीय वंशाचे डॉक्टर कन्वलजीत आनंद यांच्या १९८७च्या लेखाने ही समजूत खिळखिळी केली.

सर्वांत प्रभावी उपाय मात्र आईच्या छातीवरच आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळे उघड्या अंगाने आयांच्या छातीशी बांधली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच ही निगा दिल्यावर पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसातून ८ ते २४ तास ही निगा सुचवते. आई दमली, की वडिलांची छातीही चालते. लोकलमधून उतरून आलेल्या बापाने फक्त कोपरापर्यंत हात धुवावेत, अंगठी-घड्याळ काढावे आणि सर्दी असेल तर त्या दिवशी बाहेरच बसावे.