साइट इंजिनीअरसाठी पीएमपी: पात्रता, अर्ज आणि आतापासून जमवायची कागदपत्रं

वणी, उमरखेड किंवा अहेरीकडच्या साइटवर पाच-सहा वर्षं काढलेल्या सिव्हिल इंजिनीअरला पीएमपीबद्दल विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "ते आयटीवाल्यांचं असते भाऊ." हा गैरसमज आहे. पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. १९६९ साली स्थापन झालेली पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) ही अमेरिकी संस्था परीक्षा घेऊन हे प्रमाणपत्र देते. काम सॉफ्टवेअरचं, पुलाचं की पाण्याच्या टाकीचं, याला अर्जात महत्त्व नाही. ते काम तुम्ही चालवलं का, एवढंच बघितलं जातं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हा परवाना नाही. यामुळे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदार म्हणून नोंदणी होत नाही, आणि नावापुढे आर्किटेक्ट लावायचं तर १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखालची नोंदणीच लागते. मोठ्या बांधकाम कंपनीत किंवा सल्लागार फर्ममध्ये प्लॅनिंग इंजिनीअर, प्रोजेक्ट मॅनेजर अशा जागांसाठी मात्र याचा उपयोग होतो.

पात्रता अशी. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवल्याचा किमान ३६ महिन्यांचा अनुभव लागतो. पॉलिटेक्निकच्या पदविकेवरही अर्ज करता येतो, पण त्यासाठी जास्त महिने लागतात. अनुभव अलीकडच्या वर्षांतलाच धरतात. किती वर्षं मागे जाता येईल ते अर्ज भरायच्या आठवड्यात पीएमआयच्या हँडबुकमध्ये पाहा, कोचिंगवाल्याच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

महिने मोजताना अनेकांची चूक होते. जानेवारी ते डिसेंबर तुम्ही टाकीचं काम पाहिलं आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून पुढच्या जूनपर्यंत रस्त्याचं, तर ते २४ महिने होत नाहीत, १८ होतात. दोन कामं एकाच वेळी चालू असलेले महिने एकदाच धरले जातात.

याशिवाय प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. ऑनलाइन कोर्स चालतो, कंपनीने घेतलेलं प्रशिक्षणही चालतं. घरी पुस्तक वाचलेले तास चालत नाहीत. प्रमाणपत्रावर तासांचा आकडा छापलेला हवा, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्या.

आता खरं काम. अर्जात प्रत्येक प्रकल्पाचं नाव, संस्था, तुमचं पद, सुरुवात-शेवटच्या तारखा आणि इंग्रजीत वर्णन द्यावं लागतं. आपली पोरं इथेच अडतात, कारण आपल्याला काम सांगायची सवय आहे, काम चालवल्याचं सांगायची नाही. "टाकीचं बांधकाम केलं, स्टील तपासलं, स्लॅब टाकला" हे लिहिलं तर तुम्ही फक्त देखरेख केली असं दिसतं.

जलजीवन मिशनमधली गावची नळयोजना घ्या. माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्या योजनेचं माप. तिथे उद्दिष्ट काय होतं, मुदत किती होती, हे आधी लिहा. मग तुम्ही काय ठरवलं ते. काळ्या मातीत पावसाळ्यात खोदकाम जमत नाही, म्हणून पायाचं काम मृगाच्या आत संपवायचा कार्यक्रम तुम्ही आखला असेल. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी आली की मजूर साइटवरून जातो, हे धरून पाइपलाइनच्या टोळ्या आधीच लावल्या असतील. विहिरीची जागा बदलली तेव्हा सरपंच, शाखा अभियंता आणि ठेकेदार यांना एकत्र बसवलं असेल. वाढीव कामाची मंजुरी घेतली, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींवरून बिल आणि प्रगती ताडून पाहिली, शेवटी योजना ग्रामपंचायतीकडे सोपवली. वेळापत्रक, जोखीम, संबंधित लोक, बदल, हस्तांतरण: अर्ज तपासणारा हेच शोधतो. हे सगळं तुम्ही केलेलंच आहे, फक्त त्या नावाने ओळखलं नाही. मात्र न केलेलं लिहू नका. अर्जाची तपासणी निघाली तर सही करणारा तुमचा वरिष्ठ तेच वाचणार आहे.

सहीचं प्रकरण नीट समजून घ्या. अर्ज मंजूर होऊन परीक्षा शुल्क भरलं, की काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात. ही निवड कुणाचीही होऊ शकते. मग पदवीची प्रत, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आणि प्रत्येक प्रकल्पासाठी त्या वेळच्या वरिष्ठाची सही द्यावी लागते. मुदत ९० दिवसांची, आणि तपासणी संपेपर्यंत परीक्षेची तारीख मिळत नाही.

माझं घोडं इथेच अडलं होतं. काम संपलं तसा कंपनीने कॅम्प उचलला, ज्यांच्या हाताखाली होतो ते साहेब दुसऱ्या राज्यात गेले, नंबर बंद. अनुभवाचं पत्र मी मागितलंच नव्हतं. सहीसाठी दोन महिने फिरलो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाण्यात राबलेले कितीतरी इंजिनीअर आज याच अवस्थेत असतील. म्हणून काम सोडतानाच लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात पद, कामाचं नाव, महिना-वर्षासह तारखा आणि जबाबदारी हवी. साहेबांचा खासगी ईमेल घ्या. नेमणूक पत्र, पगाराच्या नोंदी, रोजच्या प्रगतीचे अहवाल एका फायलीत ठेवा. पगार रोखीने मिळत असेल तर ही फाइल दुप्पट महत्त्वाची.

नावाचाही घोळ होतो. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. परीक्षेच्या दिवशी दाखवायच्या ओळखपत्रावर जसं आहे, अक्षरशः तसंच नाव पीएमआयच्या खात्यात टाका.

अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडून भरायचा. सुरू केलेला अर्ज ९० दिवस उघडा राहतो, रोज थोडा भरला तरी चालतो. मंजुरीनंतर परीक्षेला एक वर्ष मिळतं, त्यात तीन प्रयत्न. घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण ज्या गावात दुपारी वीज जाते तिथून हा धोका पत्करू नका, केंद्रावर जाऊन द्या.

नुकतंच पास झालेल्यांनी अनुभवाची वाट बघत बसायची गरज नाही. त्याच संस्थेच्या सीएपीएम (सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट) या सुरुवातीच्या पातळीवरच्या परीक्षेला बारावीच्या तोडीचं शिक्षण आणि २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं, अनुभव लागत नाही. ते असेल तर पुढे पीएमपीसाठी ३५ तासांचं प्रशिक्षण वेगळं दाखवावं लागत नाही.

पास झाल्यावर पीएमपी तीन वर्षं टिकतं. नूतनीकरणाला त्या तीन वर्षांत ६० पीडीयू (पुढचं शिक्षण मोजायचे गुण) जमवावे लागतात, सीएपीएमला १५. एक तास शिकलात की एक पीडीयू, आणि त्याचीही नोंद ज्या त्या महिन्यात करून ठेवायची.