भूल खांद्याला दिली, मग पापणी का उतरली?

खांद्याच्या ऑपरेशनआधी हल्ली बऱ्याचदा मानेत ब्लॉक देतात, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्याभोवती भुलीचं औषध सोडतात. थोड्या वेळाने नातेवाईकांच्या लक्षात येतं की त्याच बाजूची पापणी उतरलीय, डोळा लालसर झालाय, नाक चोंदलंय, आणि सगळे घाबरतात, "लकवा तर नाही ना मारला?"

नाही. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात, १८६९ मध्ये योहान हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने याचं वर्णन केलं. मला यातला नसांचा रस्ता फार आवडतो. बाहुली मोठी करण्याचा निरोप सिम्पथेटिक नसा (शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या नसा) नेतात, आणि तो मेंदूतून थेट डोळ्यात जातच नाही! तो आधी मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या टोकापर्यंत खाली उतरतो, तिथून बाहेर पडून फुफ्फुसाच्या शेंड्यावरून वळतो, मग मानेतून परत वर चढतो आणि कॅरोटिड धमनीला बिलगून कवटीत शिरतो. म्हणजे डोळा आणि मेंदू इतके जवळ असून निरोप छातीला वळसा घालून येतो, आणि ब्लॉकचं औषध पातळ, ते पसरत या वाटेपर्यंत पोचलं की निरोप अडतो.

पण पापणी पूर्ण मिटत नाही, एक-दोन मिलिमीटरच उतरते, कारण तिला उचलणारा मुख्य स्नायू वेगळ्या नसेवर चालतो, सिम्पथेटिककडे फक्त छोटा म्यूलर स्नायू असतो. बाहुली बारीक होते कारण तिला आकसणारी पॅरासिम्पथेटिक (म्हणजे सिम्पथेटिकच्या उलट काम करणारी) नस चालूच असते, समोरून ओढणारं कोणी उरत नाही. अंधुक उजेडात दोन बाहुल्यांमधला फरक जास्त दिसतो.

कमरेत सुईने देतात त्या स्पायनल भुलीत सिम्पथेटिक नसा अडण्याचं हेच मोठ्या प्रमाणावर होतं, रक्तवाहिन्या सैलावतात, पाय गरम लागतात, बीपी पडतं, आणि भूल छातीच्या वरच्या भागापर्यंत चढली तर हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसाही बंद पडून नाडी मंदावते. म्हणूनच तेव्हा सारखं बीपी बघत असतात.

मानेत याच वाटेवर असलेली सिम्पथेटिक गाठ (नसपेशींचा पुंजका) मुद्दाम बधिर करतात तेव्हा उतरलेली पापणी ही औषध जागी पोचल्याची खूण मानतात. त्यावरून "एका सुईत मज्जासंस्था रीसेट" असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. औषध नसेतली सोडियमची दारं काही तास अडवतं, उतरलं की दारं परत उघडतात, रीसेट वगैरे काही होत नाही.

ब्लॉकचा असर संपला तरी पापणी तशीच असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि ब्लॉक दिलेलाच नसताना, मान दुखून अचानक एका बाजूची पापणी उतरली, बाहुली बारीक झाली तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा, कॅरोटिड धमनीचा आतला थर फाटलेला असू शकतो.