आवरायच्या दिवशी डिलीट नको

नमस्कार.

दुकानात कुणी "फाइल उडाली हो" म्हणत आलं की आम्ही आधी विचारतो, "काल-परवा कॉम्प्युटर आवरलात का?" बहुतेक वेळा उत्तर "हो" असतं. व्हायरस नसतो, हार्ड डिस्कही धडधाकट असते. दिवाळीच्या साफसफाईत, नाहीतर ३१ मार्चची धावपळ संपून जरा उसंत मिळाली म्हणून कुणीतरी डेस्कटॉपवरची गर्दी कमी करायला बसलेलं असतं. नको त्याबरोबर हवं तेही गेलेलं असतं. ग्राहकाचा तो चेहरा आम्हाला पुन्हा पुन्हा बघवत नाही, म्हणून हे पत्रक. यातल्या खुणा विंडोज १० आणि ११ च्या आहेत, कारण आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे कॉम्प्युटर त्यावरच चालतात.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. आवरणं आणि पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एका दिवशी करू नका. आवरायला बसलात की डॉक्युमेंट्समध्ये "पाहायचे" नावाचं एक फोल्डर करा आणि नावापुढे महिना लिहा. जे नकोसं वाटेल ते डिलीट न करता तिथे टाका आणि तीन महिने हात लावू नका. तेवढ्यात जीएसटीचं एखादं रिटर्न भरून होतं, सोसायटीची सभा होऊन जाते, मुलांच्या प्रवेशाची कागदपत्रं लागून जातात. जे खरंच लागणार होतं ते तुम्ही तिथून परत काढलेलं असतं. उरलेलं मग एकेक उघडून, बघून पुसा. धंद्याच्या कागदांना मात्र तीन महिने पुरत नाहीत. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. म्हणजे बिलांचं फोल्डर जुनं दिसलं तरी जुनं झालेलं नसतं.

"पण जागाच उरली नाही," असं कुणी म्हणतं. वर्ड-एक्सेलच्या फाइली पुसून जागा होत नाही, त्या किलोबाइटमध्ये असतात. जागा खातात ते व्हिडिओ. फोल्डरातल्या फाइली साइजप्रमाणे लावा, वरच्या पाच-दहा फाइलींतच उत्तर सापडतं.

सगळ्यात जास्त फाइली डाउनलोड्स फोल्डरातून जातात. ते अडगळीचं फोल्डर समजून लोक कंट्रोल + ए दाबून सगळं निवडतात आणि डिलीट मारतात. एका ट्रान्सपोर्टवाल्या ग्राहकाचं असंच झालं. गाड्यांच्या डिझेलचा हिशेब त्यांना पहिल्यांदा कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवला, तो डाउनलोड्समध्ये उतरला, आणि त्याच फाइलीत ते सहा महिने रोजच्या नोंदी करत राहिले. एक्सेल उघडलं की अलीकडच्या फाइलींच्या यादीत ती वरच दिसायची, त्यामुळे ती नेमकी कुठे ठेवली आहे हे बघायची वेळच आली नाही. तुमची रोजची फाइल आत्ता उघडा, "फाइल"वर जाऊन "सेव्ह अॅज" दाबा आणि ती कुठल्या फोल्डरात आहे ते बघा. डाउनलोड्स दिसलं तर आजच हलवा. सेटिंगमधल्या "स्टोरेज सेन्स"वरही एकदा नजर टाका. डाउनलोड्समध्ये बरेच दिवस न उघडलेल्या फाइली आपोआप काढायची सोय त्यात असते. कुणी ती चालू करून ठेवली असेल तर बंद करा.

न पुसताही फाइल हरवते. माऊसने ओढताना एक नियम लक्षात ठेवावा लागतो: त्याच ड्राइव्हवर ओढली तर फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर तिची कॉपी होते. डेस्कटॉपवरून पेन ड्राइव्हवर ओढलेली फाइल डेस्कटॉपवर राहतेच. पण डॉक्युमेंट्समध्ये एका फोल्डरावरून दुसऱ्यावर हात घसरला तर ती मुकाट्याने शेजारच्या फोल्डरात जाऊन बसते. म्हातारी माणसं आणि लॅपटॉपच्या टचपॅडवर काम करणारे यात फार अडकतात. त्यांना आम्ही उजव्या बटणाने ओढायला शिकवतो. बटण सोडलं की "कॉपी करू की हलवू" असं कॉम्प्युटर विचारतो, आणि रद्द करायचा पर्यायही देतो. फाइल दिसेनाशी झाली की दुसरं काही करण्याआधी कंट्रोल + झेड दाबा. नुकतंच हलवलेलं, नाव बदललेलं किंवा रिसायकल बिनमध्ये, म्हणजे पुसलेल्या फाइलींच्या टोपलीत, गेलेलं त्याने बहुधा जागेवर येतं.

रिसायकल बिनवर मात्र फार विसंबू नका. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल तिथे येत नाही, ऑफिसच्या नेटवर्कवरल्या शेअर फोल्डरातली येत नाही, आणि शिफ्ट + डिलीट दाबलं तर कुठलीच येत नाही. बिनच्या आकारालाही मर्यादा असते. ते भरलं की आतलं सगळ्यात जुनं गुपचूप काढलं जातं. विंडोज ८ पासून साधं डिलीट करताना "नक्की पुसू का?" हा प्रश्न मुळातच बंद असतो. रिसायकल बिनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, आणि "डिस्प्ले डिलीट कन्फर्मेशन डायलॉग"समोर खूण करा. नवा कॉम्प्युटर देताना आता आम्हीच ही खूण करून देतो.

चिन्हाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर तो शॉर्टकट आहे. तो पुसला तरी मूळ फाइल सुखरूप राहते. नुकसान उलट बाजूने होतं. शॉर्टकटच पेन ड्राइव्हवर घेऊन ग्राहक सीएंकडे जातात, तिथे काही उघडत नाही, आणि इकडे "कॉपी झाली" या भरवशावर मूळ फोल्डर पुसलेलं असतं. म्हणून दुसरीकडे नेलेली फाइल तिथे उघडून बघितल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणल्यावर सगळीच फोल्डरं शॉर्टकट झालेली दिसली तर ते व्हायरसचं काम असतं. खरी फोल्डरं बहुतेक वेळा त्याच पेन ड्राइव्हवर नुसती लपवलेली असतात. घाबरून फॉर्मॅट मारू नका, त्याने सगळंच पुसलं जातं. आमच्याकडे आणा.

आता ज्या फाइलींना हातही लावायचा नाही त्यांच्याबद्दल. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटा फोल्डरात १००००, १०००१ अशी आकडी नावांची फोल्डरं असतात. नावावरून ती कचरा वाटतात, पण त्यातला एकेक आकडा म्हणजे एकेका फर्मचा अख्खा हिशेब. मार्केट यार्डातल्या एका ग्राहकाच्या मुलाने वडिलांना मदत म्हणून ती काढून टाकली होती. पोरगं मनापासून काम करत होतं, त्याला रागवण्यासारखं काही नव्हतं. तो डेटा मिळाला, कारण त्याच आठवड्यात सीएंकडे बॅकअप, म्हणजे डेटाची जादा प्रत, गेला होता. मेलसाठी आउटलुक वापरत असाल तर पीएसटी फाइलीचंही तसंच, तिच्यात सगळी जुनी मेल असते. डीटीपीवाल्यांना, म्हणजे छपाईची पानं लावणाऱ्यांना, वेगळं सांगायला नको, तरी सांगतो: पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो बहुधा लिंकने जोडलेला असतो, आत साठवलेला नसतो. फोटोंचं फोल्डर हलवलंत की गेल्या वर्षीची लग्नपत्रिका उघडते, पण फोटोच्या जागी धूसर ठोकळा येतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूरही तो फॉन्ट काढून टाकला की वाचता येत नाही. फॉन्टचं फोल्डर आवरायच्या यादीतून वगळाच. थोडक्यात, जे सॉफ्टवेअरने स्वतः तयार केलं आहे त्याची जागा आणि नाव बदलू नका.

वनड्राइव्ह म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या कॉम्प्युटरांवर, फाइली ठेवायची सोय. तिच्याबद्दल गैरसमज फार. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पुष्कळदा वनड्राइव्हला जोडले जातात. "माझं सगळं क्लाउडवर आहे, मग इथून पुसलं तर काय बिघडतं?" बिघडतं. ते आरशासारखं चालतं: इथे पुसलं की तिथलंही पुसलं जातं. घरगुती खात्यात ते वनड्राइव्हच्या बिनमध्ये ३० दिवस मिळतं, नंतर नाही. लॅपटॉपवरची जागाच मोकळी करायची असेल तर फाइलीवर राइट क्लिक करून "फ्री अप स्पेस" निवडा. मग ती क्लाउडवर राहते आणि तिच्यापुढे ढगाचं चिन्ह दिसतं. फोनवरच्या गूगल फोटोजचीही गत तीच. फोनची जागा करण्यासाठी त्या अॅपमधून फोटो पुसला तर तो क्लाउडवरूनही जातो, आणि बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. बारशाचे, मुंजीचे फोटो असे गेलेले आम्ही पाहिले आहेत.

फोल्डर कसे लावायचे यावर आमचा फारसा आग्रह नाही. तुमची कपाटं जशी लावता तसं लावा. धंद्याचं असेल तर आर्थिक वर्षाप्रमाणे, म्हणजे २०२४-२५ आणि त्यात महिने. घरचं असेल तर माणसागणिक एक फोल्डर. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर असं तीन पायऱ्यांपलीकडे नेलंत तर दोन महिन्यांनी तुम्हालाच सापडणार नाही. नावात तारीख घालताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा: २०२५-०६-१५. त्याने यादी आपोआप क्रमाने लागते. तिरकी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही, म्हणून ७/१२ लिहायला गेलात की कॉम्प्युटर अडतो. "सातबारा", त्यापुढे गावाचं नाव आणि गट नंबर लिहा. नाव मराठीतून दिलं तरी विंडोजला काही अडचण नाही. आणि "फायनल", "फायनल नवीन", "फायनल शेवटचं" अशी नावं नकोत. त्यातलं खरं शेवटचं कोणतं हे तारखेशिवाय कळत नाही, आणि चुकीचं पुसलं जातं ते इथेच.

आता बॅकअप. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. पुष्कळ कॉम्प्युटरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. बाहेरची हार्ड डिस्क हवी, आणि ती रोज कॉम्प्युटरशेजारी नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या सांगलीत गावभाग, मारुती चौकापर्यंत पाणी आलं तेव्हा कित्येकांकडे बॅकअप होता, पण तो त्याच टेबलाच्या खालच्या खणात होता. कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच चिखलातून काढावे लागले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी चढलं, तेव्हा ज्यांनी डिस्क विश्रामबागला बहिणीकडे किंवा माडीवर ठेवली होती, त्यांची बिलं वाचली. दर महिन्याला एकदा कॉपी काढा, डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. आवरायला बसण्याआधी तर कॉपी काढाच.

कॉम्प्युटर फॉर्मॅटला द्याल तेव्हाही हेच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात. "सीमध्ये माझं काही नाही" हे वाक्य आम्ही तुमच्या समोर स्क्रीन उघडून तपासतो आणि मगच कागदावर सही घेतो. त्यात दहा मिनिटं जातात. कृपया घाई करू नका.

एवढं करूनही फाइल गेलीच, तर त्या कॉम्प्युटरवर काम थांबवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर डिलीट केल्याने फक्त यादीतलं नाव खोडलं जातं. मजकूर तिथेच असतो, नवं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. म्हणून फाइल परत आणायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवू नका, ते नेमकं त्या जागेवर बसू शकतं. एसएसडी, म्हणजे नवी, न फिरणारी डिस्क, असेल तर गोष्ट अवघड आहे. पुसलेली जागा विंडोज डिस्कला कळवतं आणि डिस्क ती थोड्याच वेळात साफ करते. अशा वेळी आशा कमी असते, आणि आम्ही ते पैसे घेण्याआधी सांगतो.

कॉम्प्युटर बंद करा आणि चार्जरसकट घेऊन या. फाइलीचं नाव आठवत असेल तेवढं, ती शेवटची कधी उघडली होती तो दिवस, आणि त्यानंतर स्वतः किंवा कुणाकडून काय काय करून पाहिलं हे एका कागदावर लिहून आणा. त्यावरून कुठून शोधायला लागायचं ते आम्हाला ठरवता येतं.