ठेवींचा आलेख आणि 1900 सालचा जानेवारी

सप्टेंबर आला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. अहवालाची पुस्तिका घरी येते, सभासद लाभांशाचा टक्का तेवढा बघतात आणि पुस्तिका रद्दीत जाते. यंदा अशाच एका अहवालात ठेवींचा झकास रंगीत आलेख होता. आडव्या अक्षाखाली ओळीनं छापलं होतं: 1 जानेवारी 1900, 2 जानेवारी 1900, 3 जानेवारी 1900. भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला 1904 मध्ये. गदग जिल्ह्यातली कणगिनहाळची सोसायटी, जिचं नाव देशातल्या पहिल्यांत घेतलं जातं, ती 1905 ची. म्हणजे आमची सोसायटी कायद्याच्याही आधी ठेवी गोळा करत होती!

सभेत कुणी व्हायरसचं नाव घेतलं, कुणी एआयचं. हल्ली काहीही बिघडलं की एआयवर ढकलायची सोय झाली आहे. इथे एआयचा काही संबंध नाही. आलेख काढला होता एक्सेलनं, म्हणजे तक्ते आणि हिशोबाच्या प्रोग्रामनं, आणि त्यानं त्याला शिकवलं तेच इमानेइतबारे केलं होतं.

एक्सेलला तारीख कळतच नाही, त्याला फक्त दिवसांची मोजणी कळते. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, दुसऱ्या दिवशी 2, असं मोजत आलं की 1 एप्रिल 2025 ला आकडा होतो 45748. आपल्याला तारीख दिसते, कारण त्या आकड्याला वरून तारखेचं रूप दिलेलं असतं. खान्याचं फॉरमॅट ‘जनरल’ करा, आतला आकडा बाहेर येतो. वजाबाकी करून दोन तारखांमधले दिवस मिळतात ते याचमुळे.

या मोजणीत 60 वा दिवस आहे 29 फेब्रुवारी 1900, आणि तो दिवस कधी उगवलाच नव्हता. शतकाच्या वर्षाला 400 नं भाग गेला तरच ते लीप वर्ष. 2000 होतं, 1900 नव्हतं. पण एक्सेलच्या आधी गाजलेल्या लोटस 1-2-3 या तशाच प्रोग्रामनं 1900 ला लीप वर्ष धरलं होतं. त्याच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टनं ती चूकही जशीच्या तशी उचलली. आजही एक्सेलमध्ये 60 लिहून त्याला तारखेचं रूप द्या, तो नसलेला दिवस समोर हजर होतो. मला हा किस्सा फार आवडतो, पण अहवालातला घोटाळा वेगळा आहे.

आपण 30/04/2025 लिहितो: आधी दिवस, मग महिना. संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर तो 30 हा महिना समजू पाहतो, तसा महिना सापडत नाही आणि ती नोंद साधा मजकूर म्हणून ठेवून देतो. ठेवींचे आकडे महिनाअखेरचे, म्हणजे 28 ते 31 तारखांचे. सगळेच मजकूर झाले. (05/04/2025 असतं तर गुपचूप 4 मे झालं असतं, ते जास्त घातक.) खूण साधी आहे: खरी तारीख खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. आलेख स्कॅटर, म्हणजे आडव्या-उभ्या आकड्यांवरून बिंदू मांडणाऱ्या प्रकारचा होता. त्या प्रकाराला आडव्या अक्षावर आकडेच लागतात; मजकूर मिळाला की तो स्वतःच 1, 2, 3 असे क्रमांक देतो. खान्यांचं रूप तारखेचं ठरवून ठेवलेलं होतं, ते अक्षानं उचललं. क्रमांक 1 झाला 1 जानेवारी 1900.

रेषेच्या आणि स्तंभांच्या आलेखात मजकूर-तारखांनी 1900 साल दिसत नाही, म्हणून चूक पचून जाते. तिथे अक्ष दोन तऱ्हेचा असतो. डेट अक्षावर दोन बिंदूंमधलं अंतर दिवसांच्या हिशोबानं पडतं. टेक्स्ट अक्षावर सगळे बिंदू सारख्या अंतरावर, शाळेतल्या रांगेसारखे. समजा राकसकोप जलाशयाच्या पातळीच्या नोंदी जून ते ऑगस्ट रोज घेतल्या आणि पुढे मे पर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला. पावसाळ्याचे 92 बिंदू, नंतरच्या नऊ महिन्यांचे 9. टेक्स्ट अक्षावर तीन महिने नऊ-दशांश कागद खातात आणि उरलेलं वर्ष कोपऱ्यात चेंगरतं. धरण भरताना रेषा सावकाश चढते, उतरताना कडा कोसळावा तशी पडते. मग ‘पाणी रातोरात कुठं वळवलं?’ असा मेसेज फिरायला वेळ लागत नाही.

लेबलांची गंमत आणखी वेगळी. स्कॅटरच्या अक्षाला महिना ठाऊक नाही, म्हणून लोक ‘दर 30 दिवसांनी लेबल’ असं सांगतात. 1 एप्रिलपासून निघालो तर पुढची लेबलं 1 मे, 31 मे, 30 जून, 30 जुलै अशी पडतात. लेबलात नुसतं महिन्याचं नाव दाखवलं तर छापलं जातं: एप्रिल, मे, मे, जून, जुलै. अधिक श्रावण ऐकला होता, हा अधिक मे! डेट अक्षावर मात्र ‘दर 1 महिना’ सांगता येतं आणि तो 30-31 चा हिशोब स्वतः सांभाळतो.

आता जरा किचकट. डेट अक्षाला एक मूळ एकक असतं: दिवस, महिना किंवा वर्ष. आपण ठरवलं नाही तर एक्सेल कोणत्याही दोन तारखांमधलं सगळ्यात कमी अंतर बघून ते निवडतो. दर महिन्याची एकच नोंद असेल तर एकक महिना आणि स्तंभ रुंद. एकाच महिन्यात चुकून दोन नोंदी पडल्या की एकक दिवस होतं आणि प्रत्येक स्तंभाच्या वाट्याला एका दिवसाची रुंदी येते; स्तंभांचे दोरे होतात. उलट रोजच्या बटाट्याच्या भावाला एकक महिना दिलं, तर महिन्याचे सगळे भाव एकाच उभ्या रेषेवर रचले जातात.

अमावस्येला भाव आपटतो, असं आलेख दाखवून सांगणाराही मला भेटला आहे. त्या दिवशी त्याचं दुकान बंद. भावाच्या खान्यात सूत्र होतं, ते व्यवहार नसेल तर रिकामा मजकूर द्यायचं, आणि रेषेचा आलेख मजकुराला शून्य धरतो. चंद्राचा काही दोष नाही. सूत्रातून रिकाम्या मजकुराऐवजी एनए(), म्हणजे ‘माहिती नाही’ अशी खूण, दिलं की रेषा शून्यावर जात नाही.

छापखान्यात ॲपलचा जुना मॅक संगणक असेल तर आणखी एक जपावं लागतं. त्यावरचं एक्सेल 1904 पासून मोजायचं, त्यामुळे नुसते आकडे इकडून तिकडे चिकटवले तर तारखा 1462 दिवसांनी सरकतात: चार वर्षं आणि एक दिवस. अक्ष नीटनेटका दिसतो, महिनेही ओळीनं असतात, फक्त साल वेगळं. प्रूफ तपासताना एका तरी बिंदूची तारीख मूळ खतावणीशी ताडून बघावी.